पुरुमेंत झालं, आता टेबलावरचे कागद

मे अर्धा सरला, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी झाली: मिरच्या वाळल्या, सोलं बरणीत गेली, गालमो (सुकी बारीक कोळंबी) डब्यात, ताडपत्री पण आणून झाली. राहिलं ते हॉलमधलं टेबल, दरवर्षी तेच राहतं. त्यावर इतके कागद आहेत की लॅपटॉप ठेवायला जागा नाही, मला तो मांडीवर घ्यावा लागतो. आणि हे काम गणपतीच्या चवथीच्या आधी करू म्हणत पुढे ढकललं तर संपलंच, कारण जून-जुलैमध्ये आमच्याकडे गोव्यात फोंड्याला कपाटातला शर्ट दमट होतो तिथे कागदाचं काय घेऊन बसलात. कोरड्या हवेत सुकवून बंद केलेला कागद पावसाळा काढतो, दमट झालेला डब्यात भरला तर आतच बुरशी धरतो.

आधी सामान जमवा, मग टेबलाला हात लावा. तीन खोके (किराणावाल्याकडे साबणाचे मिळतात), एक जुनी चादर, सुती फडकं, पेन्सिल, पिना काढायला बोथट सुरी, पारदर्शक फाइल कव्हरं, घट्ट झाकणाचा मोठा डबा, आणि शूज-औषधांच्या पॅकिंगमधून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ज्या आमच्या घरात कोणीच टाकत नाही, त्यांचा आज उपयोग आहे. वेळ दुपारची धरा, सकाळी हवा ओलसर असते. जुने कागद उन्हात घालू नका, शाई उडते. सावलीत पसरायचे, वर दगड ठेवायचा आणि पंखा एकवर, कारण गेल्या वर्षी मी पंखा पाचवर ठेवला आणि मग अर्धा तास सोफ्याखाली.

टेबल पूर्ण रिकामं करायचं, म्हणजे खरंच पूर्ण, सगळं चादरीवर. थोडंथोडं बाजूला सारून आवरलं की ढीग फक्त डावीकडून उजवीकडे जातो. चार्जर, वाळलेली पेनं, लग्नाच्या पत्रिका (पत्रिकेवरचा गणपती टाकवत नाही म्हणून सात वर्षांच्या साठल्यात, काय करायचं ते आईलाच विचारा) हे आधी उचला, म्हणजे खाली उरतात ते नुसते कागद.

आता खोके. पहिल्यात रद्दी, पण नाव-पत्ता-खातेनंबर असलेलं फाडूनच. जुनी लाइट बिलं, पाण्याची बिलं, एखाद वर्षाची ठेवून बाकी काढली तरी चालतं. इन्कम टॅक्सचे कागद मी सात-आठ वर्षांचे ठेवतो, तुमचा सीए वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका. दुसऱ्या खोक्यात फोटो काढून ठेवायचे कागद, म्हणजे मुख्यतः फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टरची बिलं. ती बरीचशी गुळगुळीत कागदावरची असतात, त्यावर शाई नसतेच, उष्णतेने अक्षर उमटतं, आणि वर्ष-दोन वर्षांत पुसट होऊन कोरी पट्टी हातात उरते. वॉरंटी चालू, बिल कोरं. आणि जपायचं म्हणून असलं बिल लॅमिनेट करायला देऊ नका. मी दिलं होतं, मशीनमधून काळीकुट्ट पट्टी बाहेर आली, दुकानदार माझ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे.

तिसरं खोकं घराच्या कागदांचं, इथे घाई करायची नाही. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आता ऑनलाइन निघतो म्हणून प्रिंट हरवली तर फार बिघडत नाही, पण विक्रीखत, मुंडकारीचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या हक्काचा) निकाल, पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या हे सगळं अस्सल ठेवा, घरपट्टीची तर अगदी जुन्यात जुनी, कारण घर कधीपासून उभं आहे हे दाखवायची वेळ आली की तीच बाहेर काढावी लागते. लग्नाच्या नोंदीचा दाखला पण ह्याच खोक्यात. बाहेरून आलेल्या लोकांना हे नवल वाटतं, पण इथे अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा पाया आहे, वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, त्यामुळे जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. आणि आजोबांच्या ट्रंकेतले पोर्तुगीजमधले कागद, वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका हो! त्यावर मात्रीजचा (जुन्या महसुली नोंदीचा) नाहीतर डिस्क्रिप्शनचा (जुन्या जमीन-नोंदणीचा) नंबर असतो, वारसांची इन्व्हेंटरी (कोर्टातली वाटणी) करायची पाळी आली की वकील आधी तेच मागतो. १९६१ च्या आधीचे, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतले जन्माचे दाखले पण तसेच, पोर्तुगीज पासपोर्टसाठी कोणाच्या पोराला कधी लागतील सांगता येत नाही.

ठेवताना स्टेपलरच्या पिना काढा, आमच्या खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि नेमक्या सहीवर तांबडा डाग पाडतात. रबरबँड तर नकोच. घरपट्टीच्या पावत्यांना लावलेला रबर गेल्या वर्षी काढायला गेलो तर तो गुळासारखा वितळून वरच्या पावतीला चिकटलेला, सुरीने खरवडला तर आकडाच निघून आला. त्यापेक्षा सुती नाडी बरी. प्रत्येक फाइलवर पेन्सिलीने नाव, डब्यात सिलिकाच्या पुड्या, डबा कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीला न टेकवता, कारण भिंतीला ओल आली की वाळवी मागून येते. आधार-पॅन-लायसन्स डिजिलॉकरमध्ये घातलंय तरी एकेक झेरॉक्स बाहेर ठेवा, नाहीतर मामलेदार कचेरीत नेमकी रेंज जाते.

डबा कुठे आहे ते घरातल्या अजून एकाला तरी सांगून ठेवा.

आणि टेबल रिकामं झालं की लगेच त्यावर आपला लॅपटॉप मांडा. मी चहा प्यायला आत गेलो, तेवढ्यात आईने त्यावर फणसाची साठं वाळत घातली.