वीटभट्टीवरून मूल सोडवायचंय? आधी कागद तयार करा

ठाणे, पालघर, रायगड, नाशिक या पट्ट्यात श्रावण-भाद्रपदात कातकरी या आदिवासी जमातीच्या वाडीवरचा दाणा संपतो, हाताला काम नसतं, आणि नेमका तेव्हाच वीटभट्टी मालकाचा माणूस उचल, म्हणजे हंगामाच्या कामापोटी आगाऊ रक्कम, घेऊन दारात येतो. दिवाळीनंतर घर भट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर परततं. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला काही हजार रुपयांवर दिली गेल्याचं उघडकीला आलं. तिथेही सुरुवात अशीच, घरातल्या अडचणीतून.

अशी माणसं सोडवून आणणं जमतं. मात्र हातात मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, नसेल तर तीच माणसं पुढच्या हंगामात त्याच भट्टीवर दिसतात. म्हणून खालचं सगळं त्या एका कागदाच्या दिशेने चाललंय.

वाडीची वही

दोनशे पानी वही घ्या. भाद्रपदापासून दर घराची नोंद: किती उचल, कुणाकडून, कुणासमोर, कोणत्या गावच्या भट्टीवर, सोबत कोणती मुलं, त्यांची वयं. मालकाचं पूर्ण नाव कुणाला ठाऊक नसतं. ट्रॅक्टरचा नंबर आणि मुकादमाचा मोबाईल मात्र मिळतो, तो लिहून ठेवा. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर बहुतेक गावांत असते. तिच्यातल्या अंगणवाडीसेविकेला कुठल्या घरातलं मूल दिसेनासं झालंय हे सगळ्यांच्या आधी कळतं. शाळेतून मुलाचं शिक्षण हमी कार्ड घ्या आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा आत्ताच काढून ठेवा. वयावर वाद झाला की बाल न्याय कायद्यात आधी शाळेचा दाखला धरतात, मग ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसेल तरच वैद्यकीय तपासणी.

सण येऊनही जे मूल घरी आलं नाही, त्याच्या नावापुढे खूण करा. आईबापांशी फोनवर बोलणं होत नसेल तर थांबू नका.

हिशोब

भट्टीवर आठवड्याला खर्ची, म्हणजे पोटापुरते पैसे, मिळते आणि खरा हिशोब हंगाम संपताना होतो, तोही मालकाच्या वहीतून. तुम्ही तो स्वतः मांडा. समजा उचल २५,००० रुपये, खर्ची आठवड्याला ८००, हंगाम २८ आठवड्यांचा. म्हणजे घराला मिळाले ४७,४००. नवराबायकोने दिवसाला हजार विटा, आठवड्याचे सहा दिवस पाडल्या तर झाल्या १,६८,०००. हजारी दर ७०० धरला तर मजुरी १,१७,६००. उलट मालकच ७०,२०० रुपये देणं लागतो, आणि तरी त्याच्या वहीत ‘दहा हजार बाकी’ असतं. एवढं एक पान अर्जाला जोडलं की साहेबांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुलांनी पलटलेल्या, वाहिलेल्या विटा या हिशोबात कुठेच नसतात, तेही त्याच पानावर लिहा.

अर्ज

स्वतः भट्टीवर धाड घालू नका. मालकाला सुगावा लागला तर रात्रीत माणसं दुसऱ्या जिल्ह्यात हलवली जातात, आणि तुमच्यावरच अपहरणाची तक्रार होते. मूल धोक्यात असेल तर आधी १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (पोलीस) वर फोन करा.

लेखी अर्ज जिल्हाधिकारी आणि प्रांताधिकारी दोघांना द्या, प्रत पोलीस अधीक्षक आणि बाल कल्याण समितीला. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अर्जात ‘वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, १९७६’ हे शब्द हवेतच. नुसतं ‘मजुरी बुडवली’ लिहिलं की प्रकरण कामगार कार्यालयात जातं आणि तिथेच मुरतं. नुसतं ‘बालकामगार’ लिहिलं तर वेठबिगारीचं पुनर्वसन मिळत नाही. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ प्रमाणे मालकावर आहे. माणसांकडून जबरीने काम करून घेतलं जातंय हे दिसलं, तर त्यामागे उचल आहे असं गृहीत धरावं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितलंय. मजूर अनुसूचित जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटीचं कलमही मागा. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी पोलीस ठाण्याला शून्य क्रमांकाने एफआयआर घ्यावाच लागतो.

सुटकेचा दिवस

सगळ्यात जास्त बिघडतं ते जबाबात. मालक समोर उभा, तहसीलदार विचारतात, “स्वखुशीने काम करता ना?” आणि बाई मान हलवते. झालं, प्रकरण संपलं. जबाब भट्टीपासून दूर, एकेकाचा वेगळा, आणि वाडीची बोली कळणारं माणूस बाजूला बसवून घ्यायला लावा. प्रश्न साधे असू द्यात: उचल किती? बाजाराला जायला कुणाला विचारावं लागतं? आजारी पडलात तेव्हा काय झालं? आधार कार्ड कुणाकडे आहे? मुलाला पहाटे कोण उठवतं? मुलांना २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं असतं. आईबापांचे कागद सोबत न्या, नाहीतर मूल बालगृहात आणि घरचे बाहेर फेऱ्या मारत बसतात. भांडी, कोंबड्या, कपडे त्याच दिवशी गाडीत घाला. त्यासाठी परत गेलेलं माणूस बहुतेक वेळा तिथेच अडकतं.

प्रमाणपत्र

घरटी एक नव्हे, माणशी एक. बायकोचं आणि मुलांचं वगळून एकट्या कर्त्याच्या नावाने कागद काढायची सवय कचेऱ्यांना असते. तिथल्या तिथे हरकत घ्या, कारण पैसे माणशी आहेत: तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत, आणि तिला खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. पुढचं पुनर्वसन पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, तस्करीसारख्या अतिगंभीर प्रकरणात ३ लाख. ही मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली असल्यामुळे तारखांचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. ‘निधी आला नाही’ हे उत्तर ठरलेलं. जिल्हाधिकाऱ्यांकडे यासाठी किमान १० लाखांचा कायमचा निधी ठेवायचा असतो, तो आहे का ते माहितीच्या अधिकारात विचारा. कागदावरचं नाव आधार आणि बँकपासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. एका कागदावर आडनाव ‘कातकरी’ आणि दुसऱ्यावर ‘वाघमारे’, या घोळात महिने जातात.

पुढचा भाद्रपद

मालक उरलेली बाकी मागायला येतो किंवा वकिलाची नोटीस धाडतो. वेठबिगार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे ते कर्ज संपलेलं आहे. नोटीस प्रमाणपत्राच्या प्रतीसह प्रांताच्या दक्षता समितीकडे (याच कायद्याखाली नेमलेल्या) द्या. अशा दाव्यात मजुराची बाजू लढणं हे त्या समितीचंच काम आहे. तिच्या बैठका होत नसतील तर इतिवृत्त मागा. दरम्यान रेशन चालू आहे का पाहा, रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी आषाढातच भरा, आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करा, सुटून आलेल्या घरांची नावं सगळ्यात वर.