बारा पेशंट, पण कितीजणांत?

जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) असताना करवीर तालुक्यातल्या एका गावात आमचं कम्युनिटी पोस्टिंग होतं. गावात कावीळ पसरलेली. पहिल्याच संध्याकाळी मी मॅडमना ऐटीत रिपोर्ट दिला, "वरच्या गल्लीत बारा पेशंट, खालच्या गल्लीत नऊ. वरची गल्ली जास्त खराब." मॅडमनी एवढंच विचारलं, "बारा, पण कितीजणांत?"

मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घरोघर. वरच्या गल्लीत माणसं १२०, खालच्या गल्लीत ४५. म्हणजे १० टक्के आणि २० टक्के. सगळं उलटंच निघालं! याला अटॅक रेट म्हणतात. एपिडेमिऑलॉजी, म्हणजे आजार कुणाला, कुठं आणि का होतात याचा अभ्यास; नाव ऐकूनच घाम फुटतो, पण निम्मा विषय शाळेतल्या अंश-छेदाचा आहे. अंश सगळे मोजतात, छेद विसरतात.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हमखास गल्लत होते ती इन्सिडन्स आणि प्रिव्हलन्सची. ठरावीक काळात नव्याने आजारी पडलेले तो इन्सिडन्स, त्या घडीला जुने-नवे मिळून जेवढे आहेत तो प्रिव्हलन्स. उपचारांमुळे मधुमेहाची माणसं जास्त वर्षं जगली, की नवे रुग्ण वाढले नाहीत तरी प्रिव्हलन्स वाढतो. एजंट-होस्ट-एन्व्हायर्न्मेंटचा, म्हणजे रोगाचं कारण, माणूस आणि परिसर यांचा त्रिकोण तुम्ही नर्सिंगवाले पाठ करालच.

अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, मात्र मला गावातच कळला. मी आपली प्रत्येकाला विचारतेय, "काल-परवा कुठलं पाणी प्यालात?" दूषित पाण्यातून होणारी कावीळ, हिपॅटायटिस ए असो की ई, लागण झाल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. तेव्हाचं कुणाला आठवणार? मग सणावरून विचारायला शिकले, "बेंदराच्या वेळी पाणी कुठनं भरत होता?" लगेच उत्तर यायचं.

लंडनमध्ये १८५४ च्या कॉलऱ्यात जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं, ही गोष्ट वर्गात सांगतातच. मला त्यातली दारूभट्टी आवडते. पंपाजवळच असूनही तिथल्या सत्तरेक कामगारांपैकी कॉलऱ्याने कुणी दगावलं नाही, कारण ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. जे आजारी पडले नाहीत, त्यांच्याकडेही स्नो गेला होता.

आम्हीही गेलो. खालच्या गल्लीतल्या एका आजी उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "आमच्यात कोण आजारी न्हाई, मग कशाला आलासा?"

"म्हणूनच आलोय, आजी. पाणी कुठलं पिता?"

त्यांनी मागच्या दारी बोट केलं. तिथं घरची बोअर होती.