घटस्फोटात धंद्याची वाटणी: भांडण नंतर, आधी बॅलन्सशीट उघडा

मी टॅक्सचं काम करतो, वकील नाही, पण अशा केसेसचे कागद माझ्याच टेबलावरून जातात. येणारा जवळजवळ प्रत्येकजण धरून चालतो की घटस्फोट म्हणजे निम्मं-निम्मं. तसं नाहीये. हिंदू विवाह कायद्यात ज्याच्या नावावर त्याचं, जॉइंट नावावर असेल ते वेगळं, बाकी कोर्ट देतं ती कलम 25 खाली पोटगी. डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये 12 कोटी दिले, पण नवऱ्याच्या श्रीमंतीशी बरोबरी करायला पोटगी नसते हेही तिथेच सुनावलं.

गोव्यात मात्र गणित उलटं. तिथे 1867 च्या पोर्तुगीज संहितेमुळे, लग्नाआधी करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामायिक. म्हणून दोघांपैकी कुणी मूळचं गोव्याचं असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

आता मुद्द्याचं. 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही मालमत्ता आणि देण्याघेण्याचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच असते. एका केसमध्ये नवऱ्याने पगार लिहिला महिना साठ हजार, झालं. त्याची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड होती म्हणून एमसीएच्या (केंद्राचं कंपनी खातं) साइटवर शंभर रुपये भरून कंपनीचे कागद काढले, तर बॅलन्सशीटमध्ये 'अनसिक्युअर्ड लोन फ्रॉम डायरेक्टर', म्हणजे डायरेक्टरने, इथे नवऱ्यानेच, कंपनीला दिलेलं विनातारण कर्ज, 1 कोटी 80 लाख. त्याची बायको, म्हणजे आमच्याकडे आलेल्या ताई म्हणाल्या, "काका, लोन म्हणजे कर्जच ना, मग उलट त्यांच्याच डोक्यावर बोजा?" अहो नाही, ते कंपनीचं कर्ज, त्याचं येणं! ती त्याचीच मालमत्ता झाली आणि अ‍ॅफिडेव्हिटमध्ये तिचा पत्ताच नव्हता.

दुसरी गोष्ट जागेची. एमआयडीसीतला प्लॉट कंपनीच्या नावावर असेल तर तो नवऱ्याचा नाही, नवऱ्याचे आहेत ते शेअर्स. पण पुस्तकात प्लॉट वीस वर्षांपूर्वीच्या भावाने पडलेला असतो, त्यामुळे नुसत्या बॅलन्सशीटवरून शेअरची किंमत काढली तर फसलात. रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून रिपोर्ट घ्या, फी जड वाटेल, तरी घ्या.

आणि बायकोला कागदोपत्री डायरेक्टर केलेलं असतं, कंपनीच्या कर्जासाठी बँकेला द्यायच्या गॅरंटीवर तिची सही घेतलेली असते, ही आपल्याकडची जुनी खोड. घटस्फोटाने ती गॅरंटी सुटत नाही! बँकेचं सोडवणूक पत्र आणल्याशिवाय कन्सेंट टर्म्सवर (आपसांत ठरलेल्या अटींचा कोर्टात द्यायचा कागद) सही करायची नाही, डायरेक्टरपदाचा राजीनामा दिला असेल तर त्याची नोंद करणारा डीआयआर-12 फॉर्म फाइल झालाय का तेही एमसीएवर बघून घ्या.

स्त्रीधन वाटणीत येतच नाही, ते तिचंच. लॉकर दोघांनी मिळून उघडा, फोटो काढा, यादीवर सह्या.

फ्लॅट किंवा शेअर्स नावावर करून द्यायचे ठरलं असेल तर घटस्फोटाचा हुकूम निघायच्या आधी उरकता येतं का ते सीएला विचारा, कारण नंतर कायद्याने नवरा-बायको राहत नाही आणि नातेवाइकाकडून मिळालेली भेट म्हणून जी टॅक्सची सूट असते तिच्यावरून वाद होऊ शकतो.

पैसे टप्प्याने ठरले असतील तर प्रत्येक टप्प्याची तारीख टर्म्समध्ये लिहून घ्या, आणि शेवटचा डीडी दुसऱ्या मोशनच्या (संमतीच्या घटस्फोटातल्या शेवटच्या सुनावणीच्या) दिवशी कोर्टातच हातात घ्या, "उद्या आरटीजीएस करतो" म्हणाले तर तारीख पुढची मागा.