मूकपटातला भेदरलेला शिपाई गावात दाखवताना

अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 1910 चा मूकपट 'द हाऊस विथ क्लोज्ड शटर्स' एका रिळाचा आहे. अमेरिकन यादवी युद्धात निरोप पोहोचवायला निघालेला अधिकारी घाबरून घरी पळून येतो. त्याचा गणवेश चढवून बहीण जाते आणि मारली जाते.

आधी वेग तपासा. 1000 फुटांच्या रिळात 16,000 चौकटी (फ्रेम) असतात. सेकंदाला 16 चौकटींनी ते साधारण 16 मिनिटं 40 सेकंद चालतं, 24 नी जेमतेम 11 मिनिटं. वेग वाढला की थरथरणारे हात माकडचेष्टेसारखे दिसतात आणि पोरं हसतात, मग अख्खा खेळ वाया. माणसं तुरुतुरु चालताना दिसली, तर प्लेअरचा वेग 0.67 वर आणा.

पेटी आणि तबला पुरे. दौडीला तबला द्रुत चालू द्या. अधिकारी घरात शिरला की तबला थांबवून पेटीवर नुसता खालचा षड्ज धरा. इथे सूर भरायचा मोह होतो, तो आवरा. खिडक्यांची दारं मिटतात तेव्हा भाताही सोडा, पूर्ण शांतता हवी.

पडद्यावर मजकुराच्या पाट्या येतात, त्या आधी लिहून काढा. खानापूर, निपाणीकडे मराठीत वाचून लगेच कन्नडमध्येही वाचा, प्रत्येकी एकच छोटं वाक्य. पाटी लवकर सरकली तर चित्र थांबवा.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, समोर फौजींची कुटुंबं बसलेली असतात. निवेदनात 'भेकड' म्हणू नका, 'घाबरला' म्हणा.