पिंक पँथरची पद्धत ओळखा आणि सराफी दुकान पक्कं करा

पिंक पँथर म्हणजे मुख्यतः सर्बिया-मॉन्टेनेग्रोतल्या दरोडेखोरांचं जाळं. इंटरपोलने 2007 पासून त्यांच्यासाठी वेगळा प्रकल्प चालवला. त्याच वर्षी दुबईच्या वाफी मॉलमध्ये दोन ऑडी गाड्या दारं फोडून आत घुसल्या आणि मिनिटा-दोन मिनिटांत माल गेला. 2005 मध्ये सेंट ट्रोपेझला चोरटे स्पीडबोटीने पळाले. आधी बारकाईने रेकी आणि मग काही सेकंदांत काम, हीच त्यांची खरी ताकद. म्हणून सराफ कट्ट्यावरच्या दुकानदारानेही हे सेकंद वाढवायचे.

सुरुवात काचेपासून करा. शोकेसला नुसती टफन्ड काच बसवणं ही सर्रास होणारी चूक. ती धक्का सोसते, पण फुटली की सगळी एकदम चुरा होते आणि माल उघडा पडतो. लॅमिनेटेड काचेत मध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा थर असतो. तडे गेले तरी काच जागेवर धरून राहते, हातोड्याचे घाव घालत बसावं लागतं. मात्र ती चौकटीत खोल बसवून घ्या. फक्त सिलिकॉनवर चिकटवलेली काच अख्खी उपटून निघते.

दर्शनी भाग रस्त्यालगत असेल तर गाडी आत घुसू नये म्हणून पक्के लोखंडी खांब रोवा.

कॅमेरा छताला लावला की टोपीखालचा चेहरा दिसत नाही. दाराशी एक कॅमेरा साधारण सहा-सात फुटांवर हवाच. 2 मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे, प्रत्येकी 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट) रेकॉर्डिंग, 30 दिवस म्हटलं की सव्वापाच टीबी लागतात. 6 टीबीची हार्डडिस्क घ्या. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, काउंटरखाली ठेवू नका, चोर तोच उचलून नेतात. त्याचं घड्याळ दर महिन्याला जुळवा.

गिऱ्हाईकापुढे एका वेळी एकच ट्रे. तो मोजून आत गेल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत गर्दी वाढली की नेमका हाच नियम मोडतो. दागिना न बघता शटरची वेळ, तिजोरीची जागा विचारणाऱ्याची नोंद ठेवा आणि शेजारच्या दुकानांनाही कळवा.

प्रत्येक नगाचं वजन, फोटो आणि सहा अंकी-अक्षरी एचयूआयडीची (दागिन्यावरच्या हॉलमार्क क्रमांकाची) यादी दुकानाबाहेर ठेवा. दागिना वितळला की एचयूआयडी जातो, त्यामुळे यादी पोलिसांना तासाभरात मिळायला हवी.

दरोडा पडलाच तर अडवायला जाऊ नका. चोर गेले की 112 लावा, शटर ओढा, पुरावा जाऊ नये म्हणून झाडू मारू नका. दुबईत पेटवून दिलेल्या गाड्यांतूनही तपासाला डीएनए मिळाला होता.