राउटरच्या कन्सोलला लॅपटॉप जोडताना या चुका टाळा

राउटरच्या कन्सोलला, म्हणजे आदेश टाइप करून सेटिंग करायच्या पोर्टला, वायर लावली, पुट्टी (टर्मिनलचा प्रोग्राम) उघडलं आणि पडदा काळाच राहिला, की बहुतेक जण बॉड रेट (डेटाचा वेग) बदलत बसतात. आधी लॅपटॉपचा यूएसबी-सिरीयल अ‍ॅडॉप्टर एकटा तपासा. राउटरकडची वायर काढा, अ‍ॅडॉप्टरच्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) पिना एकमेकींना जोडा (डीबी-९ कनेक्टरवर २ आणि ३ नंबरच्या), पुट्टीत फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्या-सोडण्याची सोय) 'नन' ठेवा आणि काहीही टाइप करा. अक्षरं परत उमटली तर अ‍ॅडॉप्टर, ड्रायव्हर, कॉम पोर्ट सगळं ठीक आहे, दोष पुढे शोधायचा. नाही उमटली, तर राउटरला हातच लावू नका.

अक्षरं न उमटण्याचं कारण बहुधा ड्रायव्हर असतो. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये सीएच-३४० किंवा पीएल-२३०३ चिप सापडते. पीएल-२३०३ जुनी किंवा नकली असेल तर विंडोजचा नवा ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो. अशा वेळी जुना ड्रायव्हर टाकावा लागतो. उबुंटू २२.०४ वर सीएच-३४० लावताक्षणी पोर्ट दिसून गायब होत असेल, तर ब्रेल डिस्प्लेसाठीचं बीआरएल-टीटीवाय हे पॅकेज तो पोर्ट बळकावतंय. ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तर ते काढून टाका. 'परमिशन डिनाइड' आलं तर आपला युजर डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. सिस्कोसारख्या राउटरचा आरजे-४५ कन्सोल आरएस-२३२ असतो, म्हणजे सिग्नल उणे-अधिक ३ ते १५ व्होल्टचा. घरगुती वायफाय राउटर उघडल्यावर बोर्डावर ज्या चार पिना दिसतात, त्या टीटीएल (कमी व्होल्टेजचा सिरीयल सिग्नल), आणि बहुतेक ठिकाणी ३.३ व्होल्टच्या. तिथे डीबी-९ वाली केबल जोडली की प्रोसेसर जळू शकतो, आणि जळालेला प्रोसेसर बदलण्यापेक्षा नवा राउटर स्वस्त पडतो. टीटीएल अ‍ॅडॉप्टरवरच्या ५ / ३.३ च्या जंपरवरही विसंबू नका. काही मॉड्यूलवर तो फक्त व्हीसीसी (वीजपुरवठ्याच्या) पिनचा व्होल्टेज बदलतो, टीएक्सचा व्होल्टेज तसाच राहतो. मल्टिमीटरने अ‍ॅडॉप्टरच्या जीएनडी (ग्राउंड) आणि टीएक्समध्ये मोजा, ३.३ च्या आसपास असेल तरच पुढे जा.

बोर्डावरच्या पिना ओळखायच्या तर राउटर बंद असताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप वाजते) लावा. पॉवर जॅकच्या निगेटिव्हशी, म्हणजे बहुधा बाहेरच्या कड्याशी, जी वाजते ती जीएनडी. मग राउटर चालू करा. व्हीसीसीवर ३.३ स्थिर राहतात, टीएक्सवर बूट होताना आकडा हलतो. अ‍ॅडॉप्टरचा टीएक्स राउटरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला. व्हीसीसी जोडूच नका, राउटरला स्वतःचा पॉवर अ‍ॅडॉप्टर आहे. सिरीयल अ‍ॅडॉप्टर लावलेला असताना राउटर बूटच होत नसेल, तर त्याच्या टीएक्समधून बंद बोर्डात करंट शिरतोय. ती एक वायर राउटर चालू केल्यानंतर लावा.

जीएनडी सगळ्यात आधी जोडायची, आणि खान्देशात हे विशेष पाळावं. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. मग चार्जरला लावलेल्या लॅपटॉपची बॉडी हाताला चुणचुणते. तोच गळका व्होल्टेज आधी टेकलेल्या सिग्नल पिनेतून राउटरात उतरतो. केळीच्या रायपनिंग चेंबरवर किंवा जिनिंगमध्ये काम असेल तर चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायलाही सांगून या. जिनिंगमध्ये आरजे-४५ पोर्टात कापसाचे तंतू बसलेले असतात, ते आधी कोरड्या ब्रशने काढा.

साधी लॅन केबल कन्सोलला चालत नाही. रोलओव्हर लागते, जिच्यात १ नंबरची तार ८ वर, २ नंबरची ७ वर जाते. दोन्ही टोकं एकाच बाजूने धरली की रंगांचा क्रम उलटा दिसतो. एका रोलओव्हरला दुसरी जोडून लांबी वाढवली तर क्रम परत सरळ होतो आणि सगळं बंद. नव्या सिस्कोवर मिनी यूएसबी कन्सोल जोडलेला असेल तर आरजे-४५ चालत नाही, म्हणून दोनपैकी एकच लावा.

सेटिंगचं थोडक्यात: सिस्को ९६००, मायक्रोटिक आणि बहुतेक घरगुती राउटर ११५२००; ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. सगळाच कचरा दिसला तर बॉड चुकलाय, मधूनच एखादं अक्षर बिघडत असेल तर जीएनडी सैल आहे. राउटरचं बोलणं दिसतं पण आपलं टाइप केलेलं पोहोचत नसेल, तर फ्लो कंट्रोल आरटीएस / सीटीएसवर आहे, तो 'नन' करा.

सिस्कोचा पासवर्ड काढायला चालू केल्यावर पहिल्या ६० सेकंदांत ब्रेक (बूट थांबवणारा सिग्नल) पाठवावा लागतो. काही अ‍ॅडॉप्टर तो पाठवतच नाहीत. मग बॉड १२०० करून राउटर बंद-चालू करा, स्पेसबार १० ते १५ सेकंद दाबत राहा आणि परत ९६०० वर या. रॉममॉन (बूट होण्याआधीचा मोड) आलं की कॉन्फिग रजिस्टर ०x२१४२ करून, म्हणजे सेव्ह केलेलं कॉन्फिग न वाचता, बूट करा. स्टार्टअप कॉन्फिग रनिंगमध्ये उचला, पासवर्ड बदला, बंद पडलेले इंटरफेस 'नो शटडाउन' करा, रजिस्टर ०x२१०२ वर आणा आणि सेव्ह करा. रजिस्टर तसंच राहिलं तर पुढच्या वेळी लाईट गेली की राउटर कोरा उठतो.