अल्कधर्मी आहार: ताटात काय वाढावे आणि काय टाळावे

अल्कधर्मी आहाराने, म्हणजे भाज्या-फळे वाढवून आणि धान्ये, मांस, अंडी कमी करून, रक्तातील आम्लता घटते असे सांगितले जाते. पण निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राहतो आणि तो तिथे राखण्याचे काम फुप्फुसे, मूत्रपिंडे व रक्तातील बायकार्बोनेट (आम्ल निष्प्रभ करणारा घटक) करतात; आहाराने बदलतो तो प्रामुख्याने लघवीचा सामू. म्हणून लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग पाहून रक्त आम्लधर्मी झाल्याचा निष्कर्ष कोणीही काढू नये.

तरीही असा आहार घेण्यासारखा आहे, कारण त्यात भाज्या आणि फळे वाढतात. सकाळी नाशिकमधील भद्रकालीच्या भाजीबाजारातून मेथी, चाकवत, दुधी, काकडी आणावी आणि ताटात भाकरीइतकीच जागा भाजीला द्यावी. मेथी निवडताना कोवळे देठ टाकू नयेत. ते बारीक चिरून पानांसोबतच लसूण-मिरचीच्या फोडणीत परतावेत. लिंबू चवीला आंबट असले, तरी त्यातील सायट्रेटपासून शरीरात बायकार्बोनेट तयार होते. पोटॅशियममुळे द्राक्षेही अल्कधर्मी बाजूलाच मोडतात, आणि हंगामात नाशिककरांना ती ताजी मिळतात. धान्ये, मांस, अंडी, चीज यांचा आम्लभार (पचनानंतर शरीरात तयार होणारे आम्ल) अधिक असतो. पण तेवढ्यासाठी वरण-भाकरी सोडणे मला मुळीच पटत नाही.

खाण्याचा सोडा पाण्यात घालून रोज पिऊ नये, कारण त्यातून सोडियम भरपूर जाते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी पालेभाज्या वा फळे वाढवण्याआधी डॉक्टरांना अवश्य विचारावे; अशा रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम साचल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात.